व्हॅलोरंटचा ०.४ सीएसमध्ये किती?

पत्र:

दादा, मी मनीषनगरात राहतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. व्हॅलोरंट हा बंदुकांचा गेम पहिल्यापासून खेळून राहिलो. माउस ८०० डीपीआयवर, गेममधली सेन्सिटिव्हिटी (माउस हलवला की नेम किती वळतो तो आकडा) ०.४, अन् हात मस्त बसला होता. आता आमचा सगळा ग्रुप काउंटर-स्ट्राइक २ (सीएस) या तसल्याच गेमकडे वळला, रविवारी एपेक्सही चालतं. सीएसमध्ये मी तोच ०.४ टाकला तर क्रॉसहेअर (नेम धरायची खूण) हलेच ना. मग २ केलं, ते पळायला लागलं. मग १.५. मग एका मित्रानं त्याचा ०.९ दिला, त्याचा माउस १६०० डीपीआयवर आहे. तोही जमला नाही. आता तर व्हॅलोरंटमध्येसुद्धा माझे शॉट चुकून राहिले. धरमपेठच्या कॅफेत बसलो की आणखी वेगळंच वाटतं, अन् एडब्ल्यूपी ही स्कोपवाली बंदूक हातात घेतली की त्याहून वेगळं. पुढच्या महिन्यात कॉलेजांची सीएसची स्पर्धा आहे. सगळ्या गेममध्ये एकच सेन्सिटिव्हिटी ठेवता येते का, की मी व्हॅलोरंट सोडून देऊ? – एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर:

भाऊ, एकच ठेवता येते आणि व्हॅलोरंट सोडायची काहीही गरज नाही. फक्त सगळीकडे सारखा आकडा टाकून ते जमणार नाही. सारखं ठेवायचं ते हाताचं अंतर. गेममध्ये स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी, म्हणजे ३६० अंश फिरायला, तुला टेबलावर माउस किती सेंटिमीटर सरकवावा लागतो, ते माप. तुझ्या अख्ख्या पत्रात आकडेच आकडे आहेत आणि ते माप मात्र कुठेच नाही. इतवारीच्या सराफ्यात कोणी एक जुना तोळा म्हणेल, कोणी ११.६६ ग्रॅम म्हणेल, सोनं तेवढंच असतं. तू मात्र तोळ्याचा आकडा ग्रॅमच्या काट्यावर टाकला.

माउस गेमला अंतर कळवत नाही, तो नुसते ठोके मोजून पाठवतो. ८०० डीपीआय म्हणजे एक इंच सरकला की ८०० ठोके. एका ठोक्याला किती वळायचं हे प्रत्येक गेम आपापलं ठरवतो. सेन्सिटिव्हिटी १ असताना काउंटर-स्ट्राइक एका ठोक्याला ०.०२२ अंश वळतं, व्हॅलोरंट ०.०७ अंश. तुझ्या ०.४ ला व्हॅलोरंटमध्ये एका ठोक्याला ०.०२८ अंश मिळत होते, म्हणजे पूर्ण गिरकीला साधारण ४१ सेंटिमीटर. हेच तुझं खरं माप, तुझा हात याच मापाला बसला आहे.

आता बघ सीएसमध्ये काय झालं. तिथं ०.४ टाकल्यावर गिरकीचं अंतर झालं जवळपास १३० सेंटिमीटर. तेवढं तर तुझं टेबलही नसेल, क्रॉसहेअर हलणार कसा? मग तू २ केलं आणि एकदम २६ सेंटिमीटरवर आला. १.५ वर ३५. मित्राचा ०.९ त्याच्या १६०० डीपीआयच्या माउसवर २९ सेंटिमीटर देतो, पण तू तो तुझ्या ८०० वर टाकला, त्यामुळे तुझ्याकडे तो ५८ झाला. म्हणजे मित्राची सेटिंग तू वापरलीच नाही, तिच्या निम्म्या वेगाची वापरली. ४१ ची सवय असलेल्या हाताला तू १३०, २६, ३५, ५८ असा फिरवत राहिला. व्हॅलोरंटमधले शॉट चुकायला लागले ते म्हणूनच. हात बिघडलेला नाही, त्याला कुठे थांबायचं तेच कळेनासं झालं आहे.

तुला हवा असलेला आकडा आता साधा भागाकार आहे. ०.०७ ला ०.०२२ नं भागलं की ३.१८ येतात. व्हॅलोरंटची सेन्सिटिव्हिटी गुणिले ३.१८ म्हणजे सीएसची. ०.४ चे होतात १.२७. डीपीआय ८०० च राहू दे. एपेक्समध्येही हाच १.२७ टाक, तिथं वेगळं गणित नाही. त्यामागचं कारण मला फार आवडतं, म्हणून सांगतोच. ०.०२२ हा आकडा १९९६ च्या क्वेक या गेममधून आलेला आहे. क्वेकच्या इंजिनावरून (ज्या सॉफ्टवेअरवर गेम चालतो त्यावरून) १९९८ चं हाफ-लाइफ बनलं, त्यातून काउंटर-स्ट्राइक निघालं, पुढे ते बनवणाऱ्या व्हॅल्व्ह कंपनीनं सोर्स इंजिन आणलं आणि एपेक्स त्याच सोर्सच्या बदललेल्या रूपावर उभं आहे. एवढ्या पिढ्यांत सगळं बदललं, हा एक आकडा राहिला. व्हॅलोरंट त्या घराण्यातलं नाही, ते अनरियल इंजिनावरचं, म्हणून त्याचं माप वेगळं. तुमचा ग्रुप उद्या ओव्हरवॉचकडे वळला तर तिथं ठोक्याला ०.००६६ अंश आहेत, तुझ्या मापाला तिथला आकडा येईल ४.२४.

ईडीपीआय नावाचा शब्द तुझ्या कानावर पडला असेल, डीपीआय गुणिले सेन्सिटिव्हिटी. एकाच गेममधल्या दोन खेळाडूंची तुलना करायला तो चांगला आहे. दोन गेममध्ये त्याचा काही उपयोग नाही. तुझा ईडीपीआय व्हॅलोरंटमध्ये ३२० आहे आणि सीएसमध्ये १०१६ होईल, आणि दोन्हीकडे हात सरकणार तेच ४१ सेंटिमीटर.

एवढं झालं तरी माझ्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नकोस, पट्टी घे. कंपासमधली १५ सेंटिमीटरची नको, ड्रॉइंगची लांब पट्टी किंवा शिवणकामाची टेप चालेल. व्हॅलोरंटच्या सरावाच्या रेंजमध्ये जा. एखाद्या दाराच्या कडेवर किंवा खांबाच्या रेघेवर क्रॉसहेअर लाव. माउसची डावी कड पट्टीच्या शून्यावर ठेव आणि सरळ रेषेत, सावकाश, उजवीकडे नेत राहा. क्रॉसहेअर फिरून पुन्हा त्याच रेघेवर आला की थांब आणि कड कुठे आहे ते वाच. पॅड पुरत नसेल तर बरोबर पाठीमागच्या खुणेपर्यंतच जा आणि आलेलं अंतर दुप्पट कर. सीएसमध्ये १.२७ टाकून सरावाच्या नकाशात हेच कर. दोन्ही मापं अर्ध्या सेंटिमीटरच्या आत आली की जुळलं म्हणून समज.

व्हॅलोरंटमध्ये बरोब्बर ४१ आलं नाही तर घाबरू नकोस. माउसवर ८०० लिहिलेलं असतं, पण आतला सेन्सर थोडा कमी-जास्त मोजतो हे अगदी सामान्य आहे. ३९ आले तर तुझं माप ३९. माउस दोन्हीकडे तोच आहे, त्यामुळे ३.१८ चं गुणोत्तर बदलत नाही.

मोजतानाच आणखी एक गोष्ट तपास. तेवढंच अंतर एकदा अगदी हळू आणि एकदा झटक्यानं सरकव. क्रॉसहेअर दोन्ही वेळा एकाच जागी थांबला पाहिजे. झटक्यात तो पुढे निघून जात असेल तर कुठेतरी ॲक्सिलरेशन चालू आहे. विंडोजच्या माउस सेटिंगमध्ये पॉइंटर ऑप्शन्सखाली 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' असं खूणघर असतं, ती खूण काढून टाक. रॉ इनपुट, म्हणजे माउसचे ठोके थेट घेणारे गेम विंडोजच्या या सेटिंगला विचारतच नाहीत, पण सगळेच गेम तसे नसतात. माउसच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्येही ॲक्सिलरेशन लपलेलं असू शकतं, तेही एकदा बघून घे. हे चालू असेल तर गिरकीचं अंतर हाताच्या वेगावर अवलंबून राहतं आणि मग जुळवायला काही उरतच नाही.

कॅफेचा प्रश्न याच पट्टीनं सुटतो. तिथल्या माउसचा डीपीआय किती हे काउंटरवरच्या पोराला विचारून उपयोग नाही, आधीच्या गिऱ्हाइकानं बटण दाबून काय करून ठेवलं ते त्यालाही माहीत नसतं. तू सरळ गिरकी मोज. समज, सीएसमध्ये तुझा १.२७ टाकल्यावर तिथं ३० सेंटिमीटर आले. तुला हवेत ४१. चालू आकड्याला मोजलेल्या अंतरानं गुण आणि हव्या असलेल्या अंतरानं भाग. १.२७ गुणिले ३० भागिले ४१, म्हणजे ०.९३. तो टाक आणि पुन्हा एकदा मोजून खात्री कर. डीपीआय माहीत नसला तरी काम होतं, म्हणून ही रीत मला सगळ्यात भरवशाची वाटते. तरीही वजन वेगळं, आकार वेगळा, सेन्सर पुढे-मागे बसवलेला, त्यामुळे परका माउस परकाच वाटणार. स्वतःचा माउस पिशवीत टाकून नेता येत असेल तर ने.

आता एडब्ल्यूपी. इथं बहुतेक जण चुकतात, कारण स्कोपमध्ये ३६० चं माप कामाचं नाही. स्कोप लावून कोणी गिरकी घेत नाही. स्कोपमध्ये चित्र मोठं होतं, म्हणून गेम सेन्सिटिव्हिटी आपणहून कमी करतो. किती कमी करायची याची दोन वेगळी उत्तरं आहेत आणि दोन्ही एकाच वेळी खरी ठरू शकत नाहीत. हे नीट वाच, कारण तुझी निम्मी चिडचिड इथली आहे.

सीएसमध्ये साधं दृश्य ४:३ (रुंदी:उंची) स्क्रीनच्या हिशेबानं ९० अंशांचं असतं आणि एडब्ल्यूपीचा पहिला झूम ४० अंशांचा. झूम सेन्सिटिव्हिटी मल्टिप्लायर १ वर असला की गेम तुझा वेग त्याच प्रमाणात, ४० भागिले ९०, म्हणजे ०.४४ पट करतो. चित्र मात्र मधोमध २.७५ पट मोठं झालेलं असतं. वेग २.२५ पटच कमी झाला, चित्र २.७५ पट वाढलं, म्हणून स्कोपमध्ये क्रॉसहेअरजवळ सगळं किंचित जास्त पळतं असं वाटतं. तुला 'वेगळं' वाटतं ते हेच. मल्टिप्लायर ०.८२ केला की हा फरक मिटतो. क्रॉसहेअरच्या अगदी जवळचं डोकं पकडायला स्कोपशिवाय हात जेवढा हलतो तेवढाच स्कोपमध्येही हलतो. पण मग ४:३ चौकटीच्या कडेला दिसलेल्या शत्रूपर्यंत जायला हात थोडा कमी पडतो. तिथलं अंतर जुळतं ते १ वर. मधलं जुळव किंवा कडेचं जुळव, दोन्ही जुळत नाही, आणि याला कुठलंच सेटिंग अपवाद नाही.

माझं मत विचारशील तर तू ०.८२ घे. नवा एडब्ल्यूपीवाला एखादा कोपरा धरून बसतो, शत्रू क्रॉसहेअरच्या आसपासच येतो आणि कामी येते ती छोटी दुरुस्ती. मोठे फ्लिक (झटक्यात दूरवर नेम नेणं) मारून खेळायची तुझी हौस असेल तर १ वर राहा. व्हॅलोरंटमध्ये ऑपरेटर या स्कोपवाल्या बंदुकीसाठी स्कोपचा गुणक १ वर ठेवून तुझी सवय झाली असेल तर तिथं हात लावू नकोस, स्पर्धा सीएसची आहे. एपेक्समध्ये प्रत्येक ऑप्टिकला (बंदुकीवरच्या स्कोपला) वेगळी सेन्सिटिव्हिटी देता येते, तो डाव स्पर्धा झाल्यावर खेळ.

दृश्याच्या रुंदीबद्दलही थोडं. १६:९ च्या स्क्रीनवर व्हॅलोरंट १०३ अंशांचं दृश्य दाखवतं, सीएस साधारण १०६ अंशांचं. म्हणून त्याच अंतराला व्हॅलोरंटमध्ये चित्र मधोमध सहा टक्के जास्त सरकतं. सीएसमध्ये १.२७ पहिल्या दिवशी तुला किंचित जड वाटेल, तो हा फरक. तो भरून काढायला आकडा वाढवू नकोस, एवढ्याला हात लवकर जुळवून घेतो. एपेक्समध्ये मात्र दृश्याची रुंदी ७० पासून ११० पर्यंत करता येते. ११० वर माणसं बारीक दिसतात आणि तोच माउस संथ वाटतो, ७० वर तोच पळतो. एपेक्समध्ये 'जुळलं नाही' असं वाटलं तर आधी दृश्याची रुंदी कितीवर आहे ते बघ.

ग्रुपमधलं कोणीतरी तुला १२८० बाय ९६० स्ट्रेच्डवर जा असंही सांगेल. तिथं चित्र आडवं एक तृतीयांश ताणलं जातं, माणसं रुंद दिसतात आणि आडवी हालचाल तेवढीच जास्त वेगवान भासते. गिरकीचे सेंटिमीटर तेच असतात, पट्टीनं मोजून बघ. हवं तर स्ट्रेच्ड खेळ, सीएसमध्ये असे खेळणारे पुष्कळ आहेत. पण स्पर्धेच्या महिन्यात स्क्रीन आणि सेन्सिटिव्हिटी दोन्ही एकदम बदलू नकोस. नाहीतर कशानं काय झालं हे तुलाही सांगता येणार नाही.

आता आपल्या गावची गोष्ट, जी कुठल्याही कॅल्क्युलेटरमध्ये नाही. नागपुरात उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो आणि घरोघरी कूलर लागतात. कूलरची हवा ओली असते. कापडी माउसपॅड तो ओलावा पितं, त्यात मनगटाचा घाम भर घालतो आणि पॅड जड होतं. आकडा तोच, सेंटिमीटर तेच, पण माउस सुरू करायला आणि थांबवायला जास्त जोर लागतो, अन् छोटी दुरुस्ती नेमकी तिथं फसते. पॅड कूलरच्या थेट झोतात ठेवू नकोस. मनगटाला बाही असू दे, पातळ फुल बाहीचा शर्टही चालतो. पॅड अधूनमधून साध्या शाम्पूनं हलक्या हातानं धुऊन सावलीत पूर्ण वाळव. अर्धवट वाळलेल्या पॅडवर खेळलास तर उलट जास्त अडकेल.

आणि लॅपटॉपवर खेळत असशील तर दुपारी त्याचा ताप बघ. खोलीच गरम असली की लॅपटॉप स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग उतरवतो, फ्रेम पडतात, आणि हात हलवल्यापासून चित्र हलेपर्यंतचा वेळ वाढतो. तो उशीर हाताला कमी सेन्सिटिव्हिटीसारखाच वाटतो. सीएस २ या बाबतीत व्हॅलोरंटपेक्षा बरंच भारी आहे. 'सकाळी जमतं, दुपारी जमत नाही' असं होत असेल तर सेन्सिटिव्हिटीला हात लावायच्या आधी फ्रेमचा आकडा स्क्रीनवर लावून बघ, ग्राफिक्स खाली आण, मागून हवा जाईल असा लॅपटॉप उचलून ठेव.

खरं सांगू, तुझे सगळे चुकलेले शॉट माउसमुळे नसणार. सीएसमध्ये चालता चालता गोळी मारली की ती कुठेही जाते. उलट दिशेचं बटण दाबून पूर्ण थांबल्यावरच मारायची असते आणि त्याची वेळ व्हॅलोरंटपेक्षा वेगळी आहे. बंदुकांचा स्प्रेही, म्हणजे सलग गोळ्या मारताना नेम कसा सरकतो तेही, नव्यानं शिकावा लागतो. कुठला दोष माउसचा आणि कुठला तुझा हे ओळखायची एक रीत देतो. डेथमॅचमध्ये खेळून नंतर रेकॉर्डिंग बघ. क्रॉसहेअर दर वेळी डोक्याच्या पुढे निघून जात असेल तर सेन्सिटिव्हिटी जास्त आहे, दर वेळी अलीकडेच राहत असेल तर कमी. कधी पुढे, कधी मागे, कधी वर असं होत असेल तर सेन्सिटिव्हिटी निर्दोष आहे, तिथं सराव कमी पडतो. आणि शत्रू दिसला तेव्हा क्रॉसहेअर जमिनीकडे बघत असेल तर जगातला कुठलाही आकडा तुला वाचवणार नाही.

म्हणून आज एवढं कर. व्हॅलोरंटमध्ये ०.४ परत टाक. सीएसमध्ये आणि एपेक्समध्ये १.२७. झूम ०.८२. पट्टीनं मोज, कागदावर सेंटिमीटर लिहून मॉनिटरला चिकटव आणि स्पर्धा संपेपर्यंत सेटिंगचं पान उघडू नकोस. पहिले काही दिवस हात अडखळेल, कारण तू त्याला बराच फिरवला आहेस. त्या दिवसांत एखादा मॅच हरलात आणि ग्रुपमधून 'सेन्स बदलून बघ बे' असं कोणी म्हणालं तर त्याला सरळ नाही म्हण. मित्रांचा सल्ला वाईट हेतूनं नसतो, पण त्यांच्या हाताचं माप तुझ्या हातात बसवता येत नाही. स्पर्धेनंतरही ४१ सेंटिमीटर तुला जास्त किंवा कमी वाटत राहिले तर खुशाल बदल. व्यावसायिक सीएस खेळाडूंतही कोणी ३५ वर खेळतो, कोणी ६० च्या पुढे, दोघेही जिंकतात. फक्त तेव्हाही एका गेममध्ये बदललं की त्याच दिवशी तिन्हीकडे बदल.

स्पर्धेच्या आयोजकांना या आठवड्यातच दोन गोष्टी विचारून घे. स्वतःचा माउस आणि पॅड लावू देतात का, आणि मॅचआधी मशीनवर किती वेळ मिळतो. माउस चालत असेल तर टेपही सोबत ने. वेळ मिळाला की सगळ्यात आधी विंडोजमधली ती खूण काढ, मग डीपीआय बघ, मग एक गिरकी मोज. माउस चालत नसेल तर कॅफेत जे गणित करायचं ते तिथंही करायचं, त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत. टीममधल्या बाकीच्यांचे सेंटिमीटरही त्याच कागदावर लिहून ठेवशील तर त्यांचंही काम होईल.